शरद ऋतू आणि रिकामा खिसा : मित्रांसोबत कमी खर्चात करता येतील असे उपक्रम



पाऊस थांबला. छत्र्या माळ्यावर गेल्या. पहिली अंतर्गत परीक्षा संपली आणि दिवाळीच्या सुट्टीला अजून थोडा वेळ आहे. अशा वेळी कॉलेजच्या कट्ट्यावर एकच प्रश्न फिरत असतो, "काहीतरी प्लॅन करूया ना!" मग कोणी रिसॉर्टचं नाव घेतो, कोणी सिनेमा सुचवतो, कोणी म्हणतो गाडी काढू आणि कोकणात जाऊ. शेवटी माणशी किती येतील याचा हिशेब होतो, आणि तो आकडा ऐकून गटातले दोघे-तिघे हळूच गप्प होतात.

आजचा लेख त्या गप्प होणाऱ्या दोघा-तिघांसाठी आहे. आणि त्यांचं गप्प होणं ज्यांच्या लक्षातच येत नाही, त्यांच्यासाठी तर जास्तच आहे. शरद ऋतूत फार थोड्या पैशांत मित्रांबरोबर काय काय करता येतं, ते आज आपण पाहू.

शरद ऋतू म्हणजे नेमका कोणता काळ?

आश्विन आणि कार्तिक हे दोन महिने म्हणजे शरद ऋतू. इंग्रजी महिन्यांत सांगायचं तर सप्टेंबर अखेरपासून नोव्हेंबरपर्यंतचा काळ. २२-२३ सप्टेंबरला दिवस आणि रात्र जवळजवळ सारखे असतात, त्यानंतर रात्र मोठी होत जाते.

चित्रपटांत आणि मोबाईलवर आपण जो 'ऑटम' पाहतो, त्यात झाडं लाल-पिवळी होतात आणि रस्ते पानांनी भरून जातात. तो युरोप-अमेरिकेतला ऋतू. आपल्याकडे पानगळ शिशिरात होते, म्हणजे माघ-फाल्गुनात. आपला शरद पूर्ण वेगळा आहे. मोसमी पाऊस परत फिरतो, हवेतली धूळ पावसाने धुऊन निघालेली असते, आकाश निळंभोर होतं. डोंगर अजून हिरवे असतात, पण पायवाटा वाळलेल्या असतात. नद्यांचं गढूळ पाणी निवळतं. दुपारी मात्र 'ऑक्टोबर हीट' चांगलीच भाजून काढते, कारण ढगांचं छत्र गेलेलं असतं आणि जमिनीतली ओल वाफ होऊन हवेत येत असते.

यातून आपल्या कामाचा एक नियम निघतो. शरदातली मजा पहाटे आणि संध्याकाळनंतर असते. दुपारी बारा ते चार हा वेळ वाचनालयाचा!

माझ्या हातून झालेली एक चूक

उपक्रमांकडे वळण्याआधी एक गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी द्वितीय वर्षाच्या वर्गात नऊ जणांचा एक गट होता. सगळे एकत्र बसायचे, एकत्र डबा खायचे. सप्टेंबरच्या शेवटी त्यांनी एका रिसॉर्टला जायचं ठरवलं. माणशी बाराशे रुपये. आठ जणांनी पैसे भरले. नववा म्हणाला, "मला गावी काम आहे."

हा मुलगा प्रत्येक सहलीच्या वेळी हेच सांगायचा. मी भर वर्गात गमतीने म्हणाले, "काय रे, दर वेळी बरं तुलाच काम निघतं!" वर्ग हसला. तोही हसला.

त्या रविवारी पेपर तपासायला मी कॉलेजात गेले होते. अभ्यासिकेत तो एकटाच बसलेला. मला पाहून उभा राहिला. मी विचारलं, "गावी नाही गेलास?" थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "मॅडम, बाराशे म्हणजे माझा अर्ध्या महिन्याचा मेसचा खर्च."

मी म्हणाले, "अरे, मग मित्रांना सांगायचंस. त्यांनी भरले असते."

तो म्हणाला, "भरतात ना मॅडम. एकदा भरले होते. पण मग पुढच्या वेळी मला विचारताना ते आधी एकमेकांकडे बघतात."

या उत्तरावर माझ्याकडे बोलायला काही नव्हतं. वर्गात मी केलेला विनोद आठवून मलाच लाज वाटली. त्याचे मित्र वाईट नव्हते, मीही वाईट हेतूने बोलले नव्हते. आमची बेत ठरवण्याची पद्धतच चुकीची होती.

आधी पेटी, मग बेत

आपण साधारणपणे काय करतो? आधी बेत ठरवतो, मग खर्च काढतो, मग तो माणशी वाटतो. ज्याला परवडत नाही त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात. एक तर सगळ्यांसमोर "पैसे नाहीत" म्हणायचं, नाहीतर काहीतरी खोटं सांगायचं. बहुतेक जण दुसरी वाट धरतात.

यावर एक सोपा उपाय आहे. क्रम उलटा करा.

- एक बंद डबा किंवा जाड पाकीट घ्या.
- प्रत्येकाने एकसारख्या कागदात गुंडाळून त्याला जमेल तेवढी रक्कम आत टाकायची. दहा रुपयेही चालतील. कागदावर नाव लिहायचं नाही. सगळ्यांनी नोटाच टाकायच्या, म्हणजे आवाज होत नाही.
- डबा उघडून एकूण रक्कम मोजायची आणि तेवढ्या पैशांत बसेल असाच बेत ठरवायचा.
- ऑनलाइन पैसे पाठवणं टाळायचं, कारण तिथे कोणी किती दिले ते लगेच कळतं.

हा उपाय काही माझा शोध नाही. आपल्याकडे देवळाची दानपेटी अशीच चालते. कोणी किती टाकले हे पेटीला ठाऊक नसतं. मात्र गटाने एक पथ्य पाळायला हवं : रक्कम कमी निघाली तर "कोणी कमी टाकले?" असं चुकूनही विचारायचं नाही.

आता पाहू, अशा पेटीतल्या दोनशे-तीनशे रुपयांत शरद ऋतूत काय काय होऊ शकतं.

१) गच्चीवरची कोजागरी

आश्विन पौर्णिमा म्हणजे कोजागरी. 'को जागर्ति' म्हणजे 'कोण जागं आहे?' असं विचारत लक्ष्मी या रात्री फिरते, अशी श्रद्धा आहे. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि मध्यरात्रीच्या आसपास डोक्यावर येतो. म्हणूनच मध्यरात्री दुधात चंद्र पाहायची पद्धत पडली असावी.

दहा जणांच्या मसाला दुधाचा अंदाज असा : दोन लिटर म्हशीचं दूध, पाव किलोला थोडी कमी साखर, आठ-दहा वेलदोडे, थोडं जायफळ आणि मूठभर बदाम-पिस्ते. केशर परवडत नसेल तर सोडून द्या, चिमूटभर हळद घातली तरी रंग येतो. दूध लिटरला सत्तर रुपये धरलं तरी सगळा खर्च अडीचशेच्या आसपास जातो. म्हणजे माणशी पंचवीस रुपये. शहरागणिक भाव थोडे कमी-जास्त होतील, पण बाहेर एक कॉफी प्यायला याहून जास्त लागतात.

दूध मंद आचेवर सतत ढवळत दोनाचं दीड-पावणेदोन लिटर होईपर्यंत आटवायचं. ढवळायचं काम पाळीपाळीने सगळ्यांनी करायचं. जायफळ शेवटी किसून घालायचं आणि हात आखडता ठेवायचा, नाहीतर दूध कडवट लागतं.

आणि रात्रभर करायचं काय? गाण्याच्या भेंड्या आहेत, पत्ते आहेत. एक खेळ मी सुचवते. प्रत्येकाने आपल्या गावाची कोजागरी कशी असते ते पाच मिनिटांत सांगायचं. मोबाईल सगळ्यांनी एका टोपलीत ठेवायचे. आपल्या शेजारी रोज बसणाऱ्या माणसाबद्दल आपल्याला किती कमी माहिती आहे, ते त्या रात्री कळतं.

गच्चीसाठी सोसायटीची किंवा घरमालकांची परवानगी आधी घ्या. दहानंतर आवाज खाली ठेवा. कठडा नसेल तर ती गच्ची नको.

२) आकाशदर्शन : ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा

कोजागरीला चंद्रप्रकाश एवढा असतो की तारे नीट दिसत नाहीत. पण पौर्णिमेनंतर चंद्र रोज सुमारे पाऊण ते एक तास उशिरा उगवतो. त्यामुळे कोजागरीनंतर पाच-सहा दिवसांनी रात्री आठ ते दहा हा वेळ अंधाराचा मिळतो. दिवाळीचे फटाके सुरू होण्याआधीचा हा आठवडा आकाश पाहायला फार चांगला. खर्च शून्य. दुर्बीण नसली तरी चालते.

शहराच्या दिव्यांपासून थोडं लांब, एखाद्या मित्राच्या शेतावर किंवा गावातल्या घराच्या अंगणात चटई टाकून आडवे व्हा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं द्या. त्या वेळात मोबाईल काढला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात!

पश्चिमेकडे तीन ठळक ताऱ्यांचा मोठा त्रिकोण दिसेल. अभिजित, श्रवण आणि हंस ही त्यांची नावं. पूर्वेकडे उंचावर चार ताऱ्यांचा मोठा चौकोन दिसतो. त्यातले दोन पूर्वा भाद्रपदेचे आणि दोन उत्तरा भाद्रपदेचे, असं आपल्या नक्षत्रपद्धतीत मानतात. ईशान्येकडे इंग्रजी 'एम' किंवा 'डब्ल्यू'सारखा दिसणारा तारकासमूह म्हणजे शर्मिष्ठा. तिच्याजवळ देवयानी, आणि थोड्या वेळाने क्षितिजावरून वर येतो तो ययाती.

मराठीच्या विद्यार्थ्यांना ही तीन नावं लगेच ओळखीची वाटतील. वि. स. खांडेकरांच्या 'ययाति' कादंबरीतली हीच तीन पात्रं. या लेखकाला १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, तो मराठीतला पहिला ज्ञानपीठ. कादंबरीतला हा तिढा आकाशातही शेजारी शेजारी मांडलेला आहे.

आकाश खरोखर काळोखं असेल तर देवयानीत एक पुसट, धुरकट ठिपका दिसतो. ती देवयानी दीर्घिका. तिचं अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं आहे. म्हणजे आज तुमच्या डोळ्यांत शिरलेला तिचा प्रकाश माणसाची आजची जात पृथ्वीवर येण्याच्या कितीतरी आधी तिथून निघालेला आहे. नुसत्या डोळ्यांनी एवढ्या लांबचं पाहायला मिळतं आणि त्याला तिकीट नाही.

२१ ऑक्टोबरच्या आसपास पहाटे ओरायनिड उल्कावर्षावही पाहता येतो. हॅलेच्या धूमकेतूने मागे सोडलेले कण पृथ्वीच्या वातावरणात शिरून पेटतात, त्या या उल्का. तासाला पाच-दहा दिसल्या तरी खूप समजायचं.

३) भोंडला आणि खिरापतीचा खेळ

सूर्य हस्त नक्षत्रात येतो त्या सुमारास, नवरात्राच्या दिवसांत, पाटावर हत्ती काढून त्याच्याभोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची आणि शेवटी खिरापत ओळखायची. पुण्याकडे याला भोंडला म्हणतात, काही भागांत हादगा, आणि विदर्भ-खानदेशात त्याच दिवसांच्या आसपास भुलाबाई असते. तुमच्या वर्गात चार जिल्ह्यांतले विद्यार्थी असतील तर गाण्यांच्या चार चाली मिळतील. हा फक्त मुलींचा खेळ असं समजू नका. आमच्या कॉलेजात मुलगेही फेरात येतात आणि गाण्याचे शब्द सगळ्यात मोठ्याने तेच चुकवतात.

यातला खरा मजेचा भाग म्हणजे खिरापत. प्रत्येकाने झाकलेल्या डब्यात काहीतरी आणायचं आणि बाकीच्यांनी डबा हलवून, वास घेऊन ओळखायचं. गोड की तिखट? ओलं की सुकं? इथे महागड्या पदार्थाला काहीच किंमत नसते. ओळखता न येणारा पदार्थ आणणारा जिंकतो. एकदा एका मुलीने भाजलेले चिंचोके आणले होते. चाळीस जणांत एकालाही ओळखता आले नाहीत.

४) पहाटेची टेकडी आणि झाडांची ओळख

पुण्यात असाल तर वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई, पर्वती. तुमच्या गावातही एखादी टेकडी, नदीकाठ किंवा कॉलेजचं जुनं आवार असेलच. पहाटे सहाला निघा, आठपर्यंत परत या.

शरदात झाडांकडे पाहायला वेगळं कारण आहे. प्राजक्ताचा सडा पहाटेच पडतो, नऊ वाजता गेलात तर कोमेजलेला दिसेल. बुचाची लांब देठाची पांढरी फुलं याच दिवसांत रस्त्यावर पडतात. धागा न घेता, नुसते देठ एकमेकांत गुंफून त्यांची वेणी करता येते. येत नसेल तर आजीला विचारा. संध्याकाळी उग्र गोडसर वास आला तर आसपास सातवीण फुललेली असेल. डोंगरउतारावर सोनकीची पिवळी फुलं अजून शिल्लक असतात.

दसऱ्याच्या आधी एक काम आवर्जून करा. आपटा ओळखायला शिका. बाजारात 'सोनं' म्हणून बरेचदा कांचनाची पानं विकतात. आपट्याचं पान लहान, लांबीपेक्षा रुंदीला जास्त असतं. कांचनाचं पान मोठं असतं. दोन्हींना मधे खाच असते, म्हणून फसगत होते. एकदा झाड ओळखता आलं की फांद्या ओरबाडायची इच्छाही कमी होते. एक पान दिलं तरी सोनं दिल्यासारखंच आहे.

५) लोकलने लोहगड

११ जुलै २०२५ रोजी 'भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने १२ किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं. त्यातले ११ महाराष्ट्रात आहेत आणि एक, जिंजी, तमिळनाडूत. या बारांमधला खिशाला परवडणारा आणि नवशिक्यांना झेपणारा किल्ला म्हणजे लोहगड.

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलने मळवली स्टेशनला उतरायचं. लोकलचं तिकीट वडापावाइतकंच. मळवलीहून चालत भाजे गाव लागतं. तिथली लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोरायला घेतलेली आहेत. लाकडी घराची कमान दगडात कशी उतरवली आहे, ते थांबून पाहा. पुढे चढत चढत गायमुख खिंड येते. एका बाजूला लोहगड, दुसऱ्या बाजूला विसापूर. गडाच्या पायऱ्या चढताना गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे एकामागून एक लागतात. वाट मुद्दाम वळणावळणाची ठेवली आहे, म्हणजे शत्रू दरवाजासमोर येईपर्यंत वरच्या माऱ्यात सापडावा. वर गेल्यावर विंचूकाटा ही लांबच लांब माची दिसते. विंचवाच्या नांगीसारखी, म्हणून ते नाव.

१६६५ च्या पुरंदरच्या तहात हा गड मुघलांकडे गेला आणि १६७० मध्ये पुन्हा स्वराज्यात आला. गटातल्या एकाने ही माहिती आधी वाचून यायची आणि दरवाजात उभं राहून सांगायची. गाईडचे पैसे वाचतात आणि सांगणाऱ्याच्या कायमचं लक्षात राहतं.

जेवण घरून किंवा मेसमधून बांधून घ्या. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, कांदा. प्रवेशशुल्काचे थोडे सुटे पैसे ठेवा. शनिवार-रविवारी गर्दी फार असते, शक्य असेल तर मधल्या वारी जा.

पावसाळ्यात हीच वाट निसरडी असते आणि उन्हाळ्यात तापलेली. शरद हा मधला काळ आहे.

६) दिवाळीचा किल्ला, पण अभ्यासून

किल्ला करणं हे लहान मुलांचं काम वाटतं. पण कॉलेजच्या वयात तो वेगळ्या पद्धतीने करून पाहा. एक खरा किल्ला निवडा, त्याचा नकाशा मिळवा आणि प्रमाणात बांधा. राजगड घेतलात तर मधे बालेकिल्ला आणि तीन बाजूंना पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या दाखवाव्या लागतील. मग आपोआप प्रश्न पडतात. पाणी कुठून यायचं? चोरदरवाजा कुठे? राजधानी इथून रायगडावर का हलवली?

सामान फुकटचंच : माती, दगडविटा, जुनं गोणपाट. दिवाळीआधी पाच-सहा दिवस अळीव पेरले की डोंगर हिरवा होतो. इतिहासाचा विद्यार्थी, स्थापत्यचा विद्यार्थी आणि नुसता चिखल तुडवायला तयार असलेला विद्यार्थी, तिघांनाही काम मिळतं. वस्तीतल्या लहान मुलांना बरोबर घेतलंत तर फारच छान.

७) दिवाळी अंकांची भिशी

१५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस. महाराष्ट्रात तो 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरा होतो. त्याच सुमारास बाजारात दिवाळी अंक यायला लागतात. १९०९ साली का. र. मित्र यांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तो मराठीतला पहिला दिवाळी अंक मानला जातो. शंभराहून अधिक वर्षांची ही परंपरा विद्यार्थ्यांपर्यंत मात्र कमी पोहोचते, कारण एकेका अंकाची किंमत दोनशे, तीनशे, चारशे रुपये असते.

यावर उपाय म्हणजे भिशी. पेटीत जमलेल्या पैशांतून चार अंक घ्यायचे. आठ जण असतील तर दोघांत एक अंक. दर आठवड्याला अंक पुढच्या जोडीकडे जातो. चार आठवड्यांत आठही जणांचे चारही अंक वाचून होतात. पैसे फारच कमी असतील तर गेल्या वर्षीचे अंक रद्दीच्या दुकानात अगदी स्वस्त मिळतात. कथा शिळी होत नाही. अनेक सार्वजनिक वाचनालयंही थोड्या वर्गणीत दिवाळी अंकांची योजना चालवतात, तिथे चौकशी करा.

एकच अट ठेवा. अंक पुढे देताना त्यात एक चिठ्ठी घालायची : 'पान अमुक, ही कथा चुकवू नकोस', आणि का ते दोन ओळींत. महिन्याभराने त्या चिठ्ठ्या एकत्र वाचायला बसा. परीक्षेतल्या रसग्रहणाची याहून चांगली तयारी मी तरी पाहिलेली नाही.

८) वसतिगृहातली दिवाळी

सुट्टी लागली की वसतिगृह रिकामं होतं. पण सगळे घरी जात नाहीत. कोणाचं गाव फार लांब असतं, कोणाला सुट्टीतली नोकरी असते, कोणाच्या घरी त्या वर्षी दिवाळी नसते. आपल्या गटात असं कोणी आहे का, हे सुट्टी लागायच्या आधी पाहा.

शहरात राहणाऱ्या मित्रांनी एका सकाळी त्याला फराळाला बोलवावं. नुसतं "ये कधीतरी" म्हणून भागत नाही. दिवस आणि वेळ सांगून बोलवा. सुट्टीनंतर कॉलेज सुरू झालं की फराळाची अदलाबदल करा. कोकणातला मित्र, सोलापूरचा मित्र, नागपूरचा मित्र, प्रत्येकाच्या डब्यातली करंजी वेगळी निघते. कोणी तिला कानवला म्हणतो, आणि मग त्यावरून वाद घालण्यात तास जातो.

९) पाहुणे पक्षी

ऑक्टोबरमध्ये शेपटी सतत वर-खाली हलवणारा एक लहानसा पक्षी मैदानात, नदीकाठी दिसू लागतो. तो धोबी पक्षी. तो दिसला की थंडीचे पाहुणे यायला लागले असं समजायचं. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा जन्मदिवस. या दोन तारखांमधले दिवस महाराष्ट्रात 'पक्षी सप्ताह' म्हणून पाळले जातात. त्या आठवड्यात वही-पेन घेऊन रोज अर्धा तास एकाच जागी बसा आणि दिसलेले पक्षी लिहून ठेवा.

थोडी काळजी

- टेकडी असो की गड, घरी किंवा वसतिगृहात सांगून निघा. अंधार पडण्याआधी खाली उतरा.
- माणशी दोन लिटर पाणी आणि टोपी हवीच. ऑक्टोबरचं ऊन फसवं असतं.
- गडावरच्या टाक्यांत पोहायला उतरू नका.
- कड्यांवर आग्या मोहोळं असतात. तिथे धूर, दगडफेक, आरडाओरडा, उग्र अत्तर टाळा.
- वाढलेल्या गवतात हात-पाय घालू नका, साप असू शकतात.
- आपला कचरा आपल्या पिशवीतून परत आणा.

शेवटी

त्या नऊ जणांच्या गटाचं पुढे काय झालं? रिसॉर्टची सहल झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी कोजागरी होती. मी त्यांना पेटीची कल्पना सांगितली, कोणाचंही नाव न घेता. डब्यात तीनशे दहा रुपये निघाले. एका मुलीच्या गच्चीवर कार्यक्रम ठरला. त्या मुलाने "गावी काम आहे" असं या वेळी सांगितलं नाही. त्याच्या घरी म्हशी होत्या. दूध आटवताना तळाला लागू नये म्हणून काय करायचं, हे त्या गच्चीवर एकट्या त्यालाच माहीत होतं. दोन तास तो पातेल्यापाशी उभा राहून बाकीच्यांना ओरडत होता. दुसऱ्या दिवशी वर्गात एक मुलगी मला म्हणाली, "मॅडम, हा इतका बोलतो हे आम्हाला माहीतच नव्हतं."

मी त्याची माफी मागितली ती मात्र नंतर, एकांतात. विनोद वर्गात केला होता, तर माफीही वर्गातच मागायला हवी होती का, हा प्रश्न मला अजून पडतो. पण तसं केलं असतं तर त्याची गोष्ट सगळ्यांना कळली असती.

मित्रांनो, कॉलेजची तीन वर्षं म्हणजे तीनच शरद ऋतू. तीन कोजागऱ्या, तीन दिवाळ्या. यंदाचा बेत ठरवताना आधी पेटी फिरवा. आणि कोणी "मला जमणार नाही" म्हणालं, तर "का?" असं विचारण्याऐवजी "मग तुला जमेल असं काय करूया?" असं विचारून पाहा.

करून पाहा : वरच्या नऊ उपक्रमांपैकी एक निवडा. तो आपल्या गटासाठी माणशी पन्नास रुपयांच्या आत कसा बसेल, याचा हिशेब वहीच्या एका पानावर मांडा. तारीख, वेळ, सामान आणि कोणती जबाबदारी कोणाकडे, तेही लिहा. आणि ते पान गटातल्या सगळ्यात गप्प मित्राला आधी दाखवा.